आमच्या साडूंनी घेतलेली जमीन

सरकारचा पगार घेऊन सरकारला, घरच्यांना आणि मुक्या जनावरांना एकाच वेळी हैराण करणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात धुंडाळला तर एकच सापडेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा, याला मी काय करू? माझ्या बायकोची धाकटी बहीण त्यांना दिलेली. सासऱ्यांनी स्थळ पाहिलं तेव्हा सगळी चौकशी केली होती. मुलगा जनावरांचा डॉक्टर आहे, नोकरी पक्की आहे, विडी-तंबाखू नाही, आपल्या समाजात एवढा शिकलेला जावई मिळतो कुठे? फक्त मुलाच्या खिशाला एवढा फुगवटा कशाचा, हे कोणी विचारलं नाही. मी त्या बैठकीत थोरला जावई म्हणून लोडाला टेकून बसलो होतो. पाव्हण्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, मुलीकडे एकदा पाहिलं आणि परसातल्या मातीच्या भिंतीकडे मात्र बराच वेळ पाहत राहिले. निघताना त्या भिंतीचा सुटलेला एक पोपडा त्यांनी हळूच काढला आणि रुमालात बांधला. सासऱ्यांना वाटलं, मुलाला घर आवडलं. मला तेव्हाच शंका आली होती. पण ठरत आलेल्या लग्नात थोरल्या जावयाचं ऐकतं कोण?

पोपडा कशासाठी होता ते पुढे कळलं. आमच्या साडूंना चित्रं काढायचा नाद होता. नाद वाईट नाही; लोक पत्ते कुटतात, कबुतरं उडवतात, हे चित्रं काढत. पण चित्रं कसली? ना बाईची, ना पुढाऱ्याची, ना फुलदाणीची. नुसती जमीन. माळ, बरड, नांगरून पडलेलं रान, कोरडा ओढा. तीही घरात बसून नाही. भर उन्हात, डोक्याला पंचा गुंडाळून, जिथली जमीन काढायची तिथेच फळी मांडून. आणि रंग दुकानातला चालत नसे. ज्या शिवाराचं चित्र, त्याच शिवाराची माती उकरायची, कुटायची, पाण्यात कालवायची, खडे खाली बसले की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात घ्यायचं, असं पुन्हा पुन्हा करून तळाशी जो लोण्यासारखा साका राहील तो वाळवून बाभळीच्या डिंकात खलायचा, आणि त्या मातीने त्याच मातीचं चित्र काढायचं. मी एकदा सरळ म्हणालो, "अहो, नांदेडला दुकानात रंगाच्या ट्यूबा मिळतात की." त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा काही कीवेने पाहिलं, की मला माझीच दया आली. "साडूभाऊ," ते म्हणाले, "त्या ट्यूबेतल्या रंगाला आपलं ऊन कधी लागलंय का?" रंगाला ऊन लागावं लागतं हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आणि एवढ्या उपद्व्यापातून शेवटी जे चित्र निघे, त्यात आणि सारवलेल्या भिंतीत मला फरक एवढाच दिसे, की भिंतीच्या आडोशाला निदान बसता येतं.

त्यांच्या बदल्या झाल्या त्या हदगाव, बिलोली आणि शेवटी अहमदपूर अशा. बदलीची ऑर्डर आली की शहाणा माणूस विचारतो, तिकडे शाळा कशी आहे, भाड्याने घर मिळतं का. हे विचारत, "तिकडची माती कशी आहे?" हदगाव सोडताना सामान भरायला मी गेलो होतो. हमाल एक डालड्याचा डबा उचलता उचलता कण्हला. "सायेब, काय भरलंय ह्याच्यात?" "हदगाव," आमचे साडू म्हणाले. "आन् ह्या दुसऱ्यात?" "त्यात बी हदगावच. पैनगंगेकडचं." हमालाने डबा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्यांचा कोणी नसल्यासारखा ट्रकच्या टायरचं निरीक्षण करू लागलो. बिलोलीला माझ्या पुतण्याचं लग्न होतं. विहारात वंदना चाललेली, सगळं गणगोत पांढऱ्या कपड्यांत हात जोडून उभं, आणि आमचे साडू गायब. ते विहाराच्या मागे, नव्या खोलीचा पाया खणला होता त्या खड्ड्यात उतरले होते. वर आले तेव्हा शर्ट कमरेपर्यंत पिवळा. लोकांनी विचारलं, हळद आपल्यात लावतात का?

घरातल्या डब्यांवर नावं लिहायची पद्धत त्यांना मान्य नव्हती. "रंग बघून कळत न्हाई का?" म्हणत. माझ्या बायकोला कळलं नाही. बहिणीकडे गेली असताना तिने बेसन समजून कांद्याची भजी केली ती बिलोलीच्या पिवळ्या मातीची. पहिला घास माझा. मेहुणीने ती सगळी भजी रागारागाने पेटत्या चुलीत भिरकावली आणि नवऱ्याला तिथल्या तिथे झाडून काढलं. दुसऱ्या दिवशी हे चुलीपाशी उकिडवे बसून राखेत बोटं घालून काहीतरी वेचत होते. वर मान करून मला म्हणाले, "साडूभाऊ, बघा! पिवळी भाजली की तांबडी होते. काय तांबडी आलीय!" माझ्या दाढेत अजून बिलोली अडकलेली होती, आणि यांच्या चेहऱ्यावर लेक पहिली आल्याचा आनंद.

ब्रशाचं तर विचारूच नका. खोंडाच्या कानातले केस मऊ असतात, असा त्यांचा शोध. शेतकरी जनावर घेऊन दवाखान्यात येई. हे तपासत, सुई टोचत, औषध पाजत, तेवढं मात्र मन लावून करत, आणि मग कात्री काढून कान भादरत. "डाक्टर, त्याचं पोट फुगलंय, कान कामून कापून राहिलात?" असं कोणी विचारलंच, तर "पोटाची नस कानातून जाते," असं बेधडक सांगत. अहमदपूरच्या बाजारात बिनकेसाच्या कानाचा बैल दिसला की व्यापारी समजत, हा डॉक्टरच्या हातून बरा झालेला.

मग ते दुष्काळाचे दिवस आले. मी तेव्हा अहमदपूरलाच तहसिलीत कारकून होतो. विहिरी खरवडून झाल्या होत्या. टँकर आला की बायका घागरी घेऊन धावत, आणि कोणाच्या घागरीला कोणाचा धक्का लागला यावरून सोयरिकी तुटत. माझी मेहुणी उन्हात रांगेत उभी राहून पाणी आणायची. एक दिवस ती घागर उतरवून पाठ फिरवते तोच आमच्या साडूंनी त्यातलं निम्मं पाणी परातीत ओतून माती भिजवली. मी योगायोगाने तिथे होतो. मेहुणी परातीकडे पाहत राहिली.

"लेकरांनी काल डोक्यावरून पाणी घेतलं न्हाई," ती म्हणाली, "आन् तुम्ही मातीला आंघोळ घालून राहिलात?"

"वाया न्हाई जाणार," हे म्हणाले, "वरचं पाणी झाडाला टाकतो की."

"कोणत्या झाडाला? एक तरी झाड राहिलंय का दारात?"

आमचे साडू दाराबाहेर बघून आले. खरंच झाड राहिलं नव्हतं. मला वाटलं, आता तरी अक्कल येईल. आली ती अशी, की दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपल्या वाटणीच्या आंघोळीच्या पाण्यात माती धुवायला सुरुवात केली आणि आंघोळ बंद केली. सबंध उन्हाळा. माती त्यांची आरशासारखी निवळलेली असे आणि स्वतः ते लांबून ओळखू येत. माणसं चार हात दूर बसत. म्हशींची मात्र काही तक्रार नव्हती. मेहुणीने खाट अंगणात टाकून दिली. तो माणूस तिथेही खूश. पहाटेचा माळ आता डोळे उघडल्याबरोबर दिसतो, म्हणे.

याच सुमारास लातूर वेगळा जिल्हा होणार, उस्मानाबादच्या खेपा वाचणार, अशी बोलवा उठली. कचेऱ्या येणार, रस्ते येणार, क्वार्टरं येणार. मोठ्यांच्या डोळ्यांपुढे टेबलं-खुर्च्या नाचू लागल्या आणि लहान शेतकरी एकमेकांना विचारू लागले, की हे सगळं उभं राहणार कोणाच्या रानात? अशा वेळी पायजमा-शर्टातला, पंचा बांधलेला एक सरकारी माणूस गावाबाहेरच्या बरडावर तीन पायांचा स्टँड ठोकून, एक डोळा मिटून, हातातली काडी पुढे धरून रानं मापत बसला तर लोक काय समजतील? पाचपन्नास माणसं भोवती जमली. त्यातल्या एकाने धीर करून विचारलं,

"सायेब, आमचं रान घेऊन राहिलात का?"

"हाव," हे मान वर न करता म्हणाले. "घेतलंय."

"कुठवर घेतलं?"

"विहिरीपर्यंत घेतलं. पल्याडचं उद्या घेतो."

"आन् आम्ही कुठं जावं?"

"तुम्ही जरा बाजूला सरका," आमचे साडू म्हणाले, "सावली पडून राहिली."

तासाभराने एक माणूस सायकलीवर धापा टाकत तहसिलीत आला आणि म्हणाला, "तुमचं पाव्हणं आमच्याकडं बांधून ठेवलंय." बांधलं नव्हतं, पण बाभळीखाली बसवून चौफेर पहारा ठेवला होता. मी घसा कोरडा करून सगळ्यांना समजावलं, की हा माणूस कोणाची ढेकूळभरही जमीन घेऊ शकत नाही, याला स्वतःची चप्पल नीट घेता येत नाही. मग फळी सरळ करून चित्र दाखवलं. लोक हसले, मोकळे झाले, पांगले. रानाची मालकीण तेवढी राहिली. नवरा वारल्यावर एकटीने शेती करणारी ती बाई पदर खोचून चित्रासमोर उभी राहिली.

"ह्ये माझं वावर हाय व्हय? मंग बांधावरला लिंब कुठाय?"

"बाई, तुमच्या मातीत हिरवं न्हाई," साडू म्हणाले. "माझ्याजवळ जे हाय ते सारं तुमच्या मातीतलं हाय."

"मातीत हिरवं न्हाई, तर मंग लिंब आला कुठून?"

घरी येईपर्यंत सबंध वाटेने ते मान खाली घालून चालले. मला वाटलं, लोकांनी धरून ठेवल्याचा अपमान झाला असेल. अंगणात शिरताना म्हणाले, "बाईचं बराबर हाय हो. लिंब आला कुठून?" अपमान वगैरे या माणसाला शिवत नसे, ती सोय निसर्गाने करून ठेवली होती. पुढे त्यांनी चित्रातल्या बांधावर तो कडुलिंब काढला, राखेच्या रंगाचा. बाईला नेऊन दाखवला. ती म्हणे, बघून एवढंच म्हणाली, "धूळ बसलीय त्याच्यावर. हाय तसाच हाय."

जिल्हा झाला आणि माझी बदली लातूरला झाली. आमची नवी कचेरी भाड्याच्या इमारतीत होती. भिंतींना चुन्याचा वास आणि सगळ्या भिंती बोडक्या. मंत्री येणार होते. आमचे साहेब हौशी. म्हणाले, समोरच्या भिंतीवर आपल्या जिल्ह्याचं मोठं चित्र पाहिजे, इथल्याच माणसाने काढलेलं. मी घरी सहज बोललो आणि तिथेच फसलो. बायको म्हणाली, "घरात चित्रकार असताना बाहेर कामून शोधून राहिलात?" तिला धाकट्या बहिणीचा संसार एकदा लोकांच्या नजरेत भरलेला पाहायचा होता. मी साहेबांपुढे नाव टाकलं. एरवी या माणसासाठी मी रस्ता ओलांडला नसता.

त्यांनी रजा काढली. औसा, निलंगा, उदगीर, चाकूर करत एसटीने फिरले, पिशव्या भरून आणल्या. दारासारखी प्लायवुडची फळी आणली आणि अहमदपूरबाहेरच्या टेकाडावर उभी केली. मी एकदा तपास करायला गेलो. दुपारची वेळ, कुत्रंही सावली सोडत नव्हतं. यांच्या नाकाची साल निघालेली, ओठ फुटलेले. "अहो, घरी बसून काढा की, जागा पाठ झाली असेल आता," मी म्हणालो. "पाठ झाली म्हणूनच घरी बसून चालत न्हाई," ते म्हणाले. या वाक्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

मंत्री यायच्या आदल्या दिवशी चित्र भिंतीवर चढलं. साहेब आले, चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"हिरवं कुठं आहे?"

"पाणी पडलं न्हाई, साहेब," साडू म्हणाले.

"ते मलाही माहीत आहे. पण मंत्र्यांच्या पुढ्यात दुष्काळ टांगायचा? नवा जिल्हा आहे. थोडी पिकं घाला, कालवा घाला, इकडे दोन झाडं." साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की बाहेर पाट्या रंगवणारा बसलाय, त्याच्याकडे ऑइलपेंट आहे, तासाभराचं काम. मी साडूंचा हात धरला. म्हणालो, माझी नोकरी आहे इथे. थोडा हिरवा लागला तर काय बिघडतं, मंत्री गेल्यावर पुसून टाकू. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, स्टुलावर चढले, चित्र खिळ्यावरून उतरवलं आणि मला म्हणाले, "दुसरं टोक धरा." आणि मी, साहेबांच्या देखत, दुसरं टोक धरलं. का धरलं, ते मला विचारू नका. जड होतं, एकट्याच्या हातून पडलं असतं.

भिंतीवर कोणीतरी काश्मीरच्या सरोवराचं चित्र आणून लावलं. मंत्री आले, त्या सरोवराकडे पाठ करून हार घेतला आणि गेले. पुढे बराच काळ साहेब माझ्याशी फायलीपुरतं बोलत; पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी आम्ही दोघे फळी घेऊन अहमदपूरच्या एसटीत चढलो. ती ना टपावर ठेवता येई, ना सीटखाली. शेवटी मधल्या वाटेत उभी केली, एका बाजूला ते, एका बाजूला मी. कंडक्टर म्हणाला, "ह्याला बी सीट द्यावं का काय?" गाडी सुटली आणि माणसं बघू लागली.

चाकूर यायच्या आत गाडीत भांडण पेटलं होतं. एकाने बोट दाखवून सांगितलं, "ह्यो आमच्या गावचा माळ." मागून आवाज आला, "तुमचा कशाचा? ही तांबडी फकस्त आमच्या बरडावर लागती." एक बाई सीटवरून उठून आली, तिला त्यात माहेरची वाट सापडली. कोणी म्हणे ओढा अलीकडे पाहिजे, कोणी म्हणे पल्याड. ड्रायव्हरनेसुद्धा एकदा मागे वळून पाहिलं आणि सगळे त्याच्यावर ओरडले. आमचे साडू कोणाचीच बाजू घेत नव्हते. दांडीला धरून, गाडी डुलेल तसे डुलत, एकेकाचं तोंड बघत होते. दाराजवळ बसलेला एक म्हातारा उतरायला उठला, चित्रापाशी थांबला आणि डोळ्यांवर हात धरून म्हणाला, "ह्ये औंदाचंच हाय ना?"

"हाव. औंदाचंच."

"मंग बराबर हाय," म्हातारा म्हणाला आणि उतरून गेला.

मी चिडलेलो होतो, माझी साहेबांपुढची पत मातीत गेली होती. म्हणालो, "काय मिळवलंत?" ते हसले. म्हणाले, "साडूभाऊ, तुमच्या-माझ्या आज्याला कोणी स्वतःच्या रानातून वाट तरी देत होतं का? आता बघा, साऱ्या जिल्ह्याची जमीन दोन टोकांना धरून नेऊन राहिलोत आपण." आणि अशा जोराने हसले, की मलाही हसू आवरेना. तेवढ्यात खड्डा आला आणि फळीची कड माझ्या कपाळावर बसली. त्याचा व्रण अजून आहे. लोक विचारतात तेव्हा मी दुसरंच काहीतरी सांगतो.

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. रिटायर झाल्यावर छातीचं दुखणं निघालं. उन्हात जायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, माणसांच्या डॉक्टरांनी, आणि यांनी त्यांचं जनावरांच्या डॉक्टरने ऐकावं तितकंच ऐकलं. ते चित्र मेहुणीच्या पुढच्या खोलीत आहे, अख्खी भिंत व्यापून. मी अहमदपूरला गेलो की तिथे बसतो. डिंक जुना झाला; माती सुटते. रोज थोडी थोडी खाली पडते. मेहुणी सकाळी झाडते तेव्हा त्या भिंतीखालचं वेगळं झाडते, बोटाने चाचपून बघते आणि म्हणते, "आज औशाकडचं गळालं." कधी निलंगा, कधी उदगीर. वरच्या कोपऱ्यात तर आता नुसतं लाकूड दिसतं.

मागच्या खेपेला मी लातूरहून व्हार्निशची बाटली नेली. दुकानदार म्हणाला होता, एक हात मारा, आयुष्यभर कण हलणार नाही. मेहुणीने बाटली हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि परत माझ्यापुढे ठेवली.

"राहू द्या, दाजी," ती म्हणाली. "मंग हात लावला तर हाताला काहीच लागायचं न्हाई."

मी बाटली पिशवीत घातली आणि म्हणालो, चहा टाक.